आवळणे आणि आवळण्याचे माप : ऑइल फिल्टरविषयक एका सूचनेचा भाषिक विचार

मोटारीच्या इंजिनावर नवा ऑइल फिल्टर बसविण्याच्या कामात प्रत्यक्ष आवळण्याची क्रिया जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते. परंतु या अर्ध्या मिनिटात झालेली चूक संपूर्ण इंजिनाच्या नाशास कारण होऊ शकते. फिल्टर सैल राहिला तर दाबाखालील तेल त्याच्या बैठकीतून बाहेर पडू लागते. लहान मोटारीच्या इंजिनात तेल असते अवघे तीन ते चार लिटर. ते काही मिनिटांत रस्त्यावर सांडू शकते, आणि तेलावाचून फिरणारे बेअरिंग फार काळ टिकत नाही. उलट, फिल्टर अति आवळला तर रबरी गॅस्केट चेंगरते, आटे दुखावतात, आणि पुढील खेपेस तोच फिल्टर काढताना त्याचा पत्रा फाटतो, पण फिल्टर जागचा हलत नाही. तेव्हा 'किती आवळावयाचा' हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर शिकाऊ कामगारापर्यंत पोहोचते ते शब्दांच्या द्वारे. ते शब्द बहुधा 'फिल्टर हाताने घट्ट आवळावा' अशा स्वरूपाचे असतात. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यातून माप कळत नाही. हे माप का हरवते आणि मराठीच्या अंगभूत साधनांनी ते कसे परत आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. क्रियेचे स्वरूप

इंजिनातील तेल गाळण्यासाठी स्वतंत्र फिल्टर लावण्याची पद्धत अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याच्या १९२३ च्या सुमाराच्या संशोधनापासून रूढ होत गेली. पुढील काही दशके फिल्टरचा गाळण्याचा भाग एका भांड्यात बसविलेला असे आणि ते भांडे मधोमध एका लांब बोल्टने आवळले जाई. १९५४ साली विक्स या अमेरिकन कंपनीने संपूर्ण डबाच फिरवून बसविता येईल असा फिल्टर बाजारात आणला. आजही असंख्य मोटारींवर याच जातीचा फिल्टर दिसतो. पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडाशी आटे पाडलेले मधले छिद्र आणि त्याभोवती रबरी गॅस्केट, अशी त्याची रचना असते. इंजिनावर आट्यांची एक नळी व तिच्याभोवती एक सपाट बैठक असते. डबा नळीवर फिरविला म्हणजे गॅस्केट बैठकीला टेकते व पुढे तिच्यावर दाबले जाते.

येथे तेल अडविण्याचे काम आटे करीत नाहीत, दाबले गेलेले रबर करते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. म्हणून खरा प्रश्न 'किती जोर लावला' हा नसून 'रबर किती दाबले गेले' हा आहे. जोर आणि दाब यांचे प्रमाण स्थिर नसते. साधा बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. घर्षण थोडे बदलले की तोच जोर निराळा परिणाम घडवितो. फिल्टरच्या बाबतीत कोरडे रबर बैठकीवर घासून अडते व फिल्टर घट्ट बसल्याचा खोटा भास निर्माण करते. तेलकट हात डब्यावरून निसटतो तो वेगळाच. गॅस्केटला स्वच्छ तेलाचे बोट लावण्याची रीत आहे ती एवढ्याचसाठी. त्यामुळे रबर न मुरडता सरकते व पुढे सुटताना चिकटूनही राहत नाही.

जोर बेभरवशाचा असला तरी कोन मात्र भरवशाचा असतो. या फिल्टरांवर नेहमी आढळणाऱ्या एका आट्यात दोन लगतच्या वळशांमधील अंतर १.५ मिलिमीटर असते. याचा अर्थ असा की डबा एक पूर्ण फेरा फिरला की तो १.५ मिलिमीटर आत सरकतो, आणि पाऊण फेरा फिरला की सुमारे १.१ मिलिमीटर. फिरविणारा पहिलवान असो वा किरकोळ अंगाचा मुलगा असो, हात कोरडा असो वा तेलकट असो, या हिशेबात फरक पडत नाही. याच कारणाने बहुतेक उत्पादक गॅस्केट टेकल्यानंतर अर्धा ते एक फेरा, आणि पुष्कळदा नेमका पाऊण फेरा, असे माप देतात. काही डब्यांवर १ ते ४ हे अंक समान अंतरावर छापलेले असतात. टेकण्याच्या क्षणी समोर असलेला अंक पाहून पुढे तीन अंक जाऊ दिले की पाऊण फेरा पुरा होतो. अंक नसतील तेथे खडूची एक रेघ पुरते.

२. 'आवळणे', 'कसणे', 'पिळणे'

आता या क्रियेसाठी मराठीत असलेली क्रियापदे पाहू. नागपूरच्या गॅरेजांत तीन-चार रूपे एकत्र नांदतात. मराठी 'आवळणे', हिंदी 'कसना' आणि मराठी 'कसणे' यांच्या संगमातून येणारे 'कसणे', 'टाईट करणे', आणि क्वचित 'पिळणे'. काम चालू असल्याचे सांगताना प्रमाण मराठीतील 'आवळतो आहे' याच्या जागी 'आवळून राहिला' हे नागपुरी रूप सर्रास ऐकू येते.

'आवळणे' या क्रियापदाची मूळ प्रतिमा भोवतालून येणाऱ्या दाबाची आहे. मूठ आवळतात, गाठ आवळतात, गळाही आवळतात. 'कसणे' यात ताण व निश्चय यांची छटा प्रधान असते. कंबर कसतात, आणि 'कसून तपास' यात तर निश्चयाचीच छटा उरलेली आहे. 'पिळणे' यात वस्तूच्या स्वतःच्या अंगाला पडणारा वेढा अभिप्रेत असतो. धुतलेले लुगडे पिळतात, आणि सुंभ जळाला तरी त्याचा पीळ जात नाही. पट्ट्याच्या किंवा साखळीच्या पान्याने फिल्टर अति आवळला म्हणजे पत्र्याचा डबा खरोखरीच पिळला जातो. कारागीर त्या वेळी 'पिळला' असे म्हणतो तेव्हा तो शब्द अचूक योजितो. कारण फिरविणे संपून वस्तूचा आकार बिघडू लागल्याची ती नोंद असते.

या तिन्ही क्रियापदांत एक गुण समान आहे. त्यांना आरंभ आहे, परंतु अंगचा शेवट नाही. झेनो व्हेंडलर याने १९५७ साली क्रियापदांचे जे वर्गीकरण मांडले त्यात अंगभूत शेवट असलेल्या व नसलेल्या क्रिया असा भेद केलेला आहे. 'आवळणे' ही क्रिया या भेदाच्या सीमेवर उभी आहे. 'गाठ आवळली' यात काही पुरे झाल्याचा बोध होतो खरा. परंतु 'आवळली, आणखी आवळली, आणखीही आवळली' असेही विनाविरोध म्हणता येते. 'दार उघडले' याप्रमाणे ती कोठे थांबते ते शब्दात नाही. 'घट्ट' हे विशेषणही याच जातीचे. दही घट्ट असते, मैत्री घट्ट असते, झाकण घट्ट असते. आणि प्रत्येक ठिकाणी त्याहून अधिक घट्ट संभवते. अमर्याद क्रियापदाला अमर्याद विशेषण जोडले असता मर्यादा निर्माण होत नाही. 'योग्य प्रकारे', 'व्यवस्थित', 'नीट' या पदांनीही नवे काही सांगितले जात नाही. ज्याला माप ठाऊक आहे त्यालाच ती कळतात.

त्यात संयुक्त क्रियापदांची भर पडते. 'आवळून ठेव', 'आवळून घे', 'आवळून टाक' यांतील साहाय्यक क्रियापद वेगवेगळी वृत्ती सुचविते. 'टाक' या रूपात काम एकदाचे उरकून मोकळे होण्याचा भाव आहे. उस्तादाच्या तोंडून सहज निघालेले 'आवळून टाक' हे शिकाऊ मुलाच्या कानी 'पुरा जोर लाव' असे पडले, तर त्यात नवल नाही.

३. 'हाताने' या पदाचे दोन अर्थ

'हाताने' हे पद वरवर पाहता अगदी स्पष्ट वाटते. मराठीत 'ने' हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही लागतो. 'मुलाने फिल्टर पान्याने काढला' यात दोन्ही आहेत. पाणिनीय परिभाषेत बोलावयाचे तर 'हाताने' हे करण होय. परंतु फिल्टरच्या सूचनेत या पदाकडून करणाहून अधिक अपेक्षा असते. 'हाताने आवळावा' याचा तांत्रिक आशय 'हाताच्या जोराने जेवढा आवळला जाईल तेवढाच आवळावा' असा आहे. म्हणजे येथे साधनाचे नाव मापाचे काम करते. बोलीत मात्र 'हाताने' याचा 'स्वतः', 'जातीने' असाही अर्थ होतो, आणि हातात पाना धरून आवळणाराही हातानेच आवळत असतो. म्हणून मापाचा अर्थ सहज निसटतो.

शिवाय हात आणि पाना यांची कामे वेगळी आहेत. जुना फिल्टर उष्णतेने व काळाने चिकटून बसलेला असतो. तो काढण्यासाठी पाना योग्यच. नवा बसविताना सामान्यतः हात पुरतो. जागा अडचणीची असेल आणि पाना वापरावाच लागला, तरी पाऊण फेऱ्याचे माप बदलत नाही. माप हातात नसून फेऱ्यात आहे, हे यावरून स्पष्ट होते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अलीकडील अनेक मोटारींत पत्र्याच्या डब्याऐवजी इंजिनाच्याच अंगचे घर, आत कागदी गाळणी आणि वर प्लॅस्टिकचे झाकण अशी रचना असते. येथे रबरी कडे झाकणाच्या कडेला खोबणीत बसते; झाकण तळाला अडेपर्यंत फिरवावयाचे असते व शेवटचा जोर मोजून द्यावयाचा असतो. अशा झाकणांवर पुष्कळदा २५ न्यूटन-मीटर हा आकडा उमटविलेला असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजनाएवढा भार, असा त्याचा अर्थ. हे माप टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच पाळता येते. दोन रचनांना एकच वाक्य लागू करणे म्हणजे दोन भिन्न क्रियांना एक नाव देणे होय.

४. परिभाषा : नामांची आणि क्रियांची

परिभाषेचा प्रश्न नागपूरला अपरिचित नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना डॉ. रघुवीर यांनी येथे राहून संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे पारिभाषिक शब्द घडविण्याचे प्रचंड काम केले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय अस्तित्वात आले व परिभाषा कोशांचे कार्य संस्थारूपाने चालू झाले. त्याआधी तीन शतके राज्यव्यवहारकोशाने हाच मार्ग दाखविला होता. या सर्व प्रयत्नांत भर साहजिकच नामांवर राहिला. फिल्टरला 'गाळणी' म्हणावे की 'निस्यंदक', स्क्रूला जुना 'मळसूत्र' हा शब्द पुन्हा रूढ करावा की 'स्क्रू' तसाच ठेवावा, हे वाद महत्त्वाचे आहेत. पण त्यांचा निकाल काहीही लागला तरी तेल गळावयाचे थांबत नाही. कामगाराला फिल्टर समोर दिसत असतो. त्याचे नाव चुकले तरी वस्तू चुकत नाही. क्रियेचे माप मात्र दिसत नाही. ते शब्दांतच असावे लागते.

येथे मराठीची स्वतःची संपत्ती उपयोगी पडते. स्वयंपाकघरात उष्णतामापक नसतानाही पाकाचे माप चुकत नाही. कारण 'एकतारी' व 'दोनतारी' हे शब्द पाक किती आटवावा ते सांगत नाहीत, कोणती खूण दिसल्यावर थांबावे ते सांगतात. दुसरी संपत्ती अपूर्णांकांची. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द मराठी माणसाच्या रोजच्या हिशेबातले आहेत. 'पाऊण' हा संस्कृत 'पादोन' पासून आलेला असून 'चतुर्थांशाने उणा' असा त्याचा अर्थ आहे. पूर्ण फेऱ्याला एक पाव कमी, ही कल्पना त्या शब्दातच साठविलेली आहे. तिसरी संपत्ती 'टेकणे' या क्रियापदाची. जमिनीला पाय टेकतात, भिंतीला पाठ टेकते. त्यात स्पर्श आहे पण दाब नाही, आणि तो स्पर्श एका क्षणी घडतो. 'आवळणे' यात जो शेवट नाही तो 'टेकणे' यात आहे.

या तिन्हींचा उपयोग करून सूचना पुढीलप्रमाणे मांडता येते :

'जुन्या फिल्टरचे गॅस्केट बैठकीवर चिकटून राहिले नाही हे पाहावे व बैठक पुसून घ्यावी. नव्या गॅस्केटला तेलाचे बोट लावावे. गॅस्केट बैठकीला टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा. टेकल्यावर डब्यावर खूण करावी व तेथून पुढे पाऊण फेरा आवळावा. इंजिन चालू करून तेलाचा दिवा विझतो व बैठकीतून तेल झिरपत नाही हे पाहावे; नंतर इंजिन बंद करून तेलाची पातळी तपासावी.'

फिल्टरच्या उत्पादकाने वेगळे माप दिले असेल तेथे 'पाऊण' च्या जागी ते घालावे. या मांडणीत 'फिरविणे' आणि 'आवळणे' यांची हद्द 'टेकेपर्यंत' या एका पदाने आखली आहे. 'घट्ट' हा शब्द कोठेच आलेला नाही व त्याची उणीवही भासत नाही. पहिल्या वाक्याचे महत्त्व विशेष आहे. जुने गॅस्केट बैठकीवर राहून त्यावर दुसरे बसले, तर पाऊण फेरा अचूक भरूनही तेल फुटून बाहेर येते. कारण मोजणी चुकीच्या टेकण्यापासून सुरू झालेली असते. हिवाळ्यातील पहाटे तेल दाट असते व इंजिन सुरू होताच त्याचा दाब एकदम चढतो. बैठकीतील असा दोष उघड होतो तो बहुधा त्याच वेळी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व गॅरेजांत मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी जी सूचनापत्रके लिहिली जातात त्यांचे परीक्षण शब्दकोशाच्या कसोटीबरोबरच याही कसोटीवर व्हावयास पाहिजे. वाक्यातील प्रत्येक क्रिया कोठे सुरू होते, कोठे संपते, आणि संपल्याची खूण कोणती, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बहुतेक दोष सापडतील. भाषाभ्यासकाला येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्यासाठी नवा एकही शब्द घडविण्याची गरज नाही.