लंडनचा भुयारी लोहमार्ग आणि श्रमिकांच्या निवासाचा प्रश्न

भुयारी लोहमार्गाचा इतिहास सामान्यतः स्थापत्यशास्त्राचा एक विजय म्हणून सांगितला जातो. लंडनच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते. जगातील या पहिल्या भुयारी मार्गाचा आग्रहाने पुरस्कार करणारे चार्ल्स पिअर्सन हे अभियंते नव्हते. ते सिटी ऑफ लंडनच्या कॉर्पोरेशनचे सॉलिसिटर होते. कोंदट वस्त्यांत राहणाऱ्या श्रमिकांना शहराबाहेर निरोगी घरे मिळावीत आणि स्वस्त गाडीने त्यांना कामावर येता यावे, हा त्यांचा हेतू होता.

१८४६ च्या राजकीय आयोगाने मध्य लंडनमध्ये लोहमार्ग आणण्यास प्रतिकूल मत दिले. त्यामुळे मोठी स्थानके शहराच्या कडेला राहिली व आतले रस्ते वाहनांनी तुंबले. यावर उपाय म्हणून मेट्रोपॉलिटन रेल्वेला १८५४ मध्ये संसदेची अनुमती मिळाली. भांडवल मात्र जमेना. अखेर पिअर्सन यांच्या खटपटीने कॉर्पोरेशनने २ लक्ष पौंडांचा वाटा उचलला आणि १८६० मध्ये काम सुरू झाले.

बांधकामाची रीत साधी होती. रस्ता खणून खोल चर काढावयाचा, दोन्ही बाजूंस विटांच्या भिंती उभारून वर कमान घालावयाची आणि माती पुन्हा लोटावयाची. मार्ग शक्यतो रस्त्याखालून नेण्यामागे घरमालकांना द्यावी लागणारी भरपाई टाळणे हे कारण होते. जेथे रस्ता सोडणे भाग पडले तेथे, विशेषतः फ्लीट नदीच्या खोऱ्यात, गरिबांची घरे पाडण्यात आली. भरपाई मालकांना मिळाली. आठवड्याच्या भाड्याने राहणारे कुटुंब शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्लीत शिरले. ज्यांच्यासाठी हा मार्ग कल्पिला त्यांनाच त्याने प्रथम बेघर केले, ही विसंगती लहान नव्हे.

१० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे ६ किलोमीटरांचा मार्ग लोकांस खुला झाला. पिअर्सन त्याआधी सप्टेंबर १८६२ मध्येच निवर्तले होते. वाफ पाण्याच्या टाकीत थंड करणारी इंजिने योजूनही बोगद्यांतील धूर हटला नाही. मेट्रोपॉलिटनवर वीज आली ती १९०५ मध्ये. श्रमिकांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या १८६४ मध्ये सुरू झाल्या. जाण्यायेण्याचे भाडे ३ पेन्स होते.

घरे पाडण्याची आपत्ती टळली ती निराळ्याच वाटेने. ग्रेटहेड यांच्या पोलादी ढालीच्या आधाराने लंडनच्या चिकणमातीत खोल, वर्तुळाकार बोगदे खणणे शक्य झाले, आणि १८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन ही खोल बोगद्यातील विजेची रेल्वे धावू लागली. वरच्या घरांना धक्का लागेना.

शहराबाहेरील घरांची कल्पनाही पुढे साकार झाली, पण ती पिअर्सन यांच्या मनातील श्रमिकांसाठी नव्हे. मेट्रोपॉलिटन कंपनीने वायव्येकडील आपल्या मार्गालगतच्या जमिनींवर ‘मेट्रो-लँड’ या नावाने ज्या वसाहतींची जाहिरात १९१५ पासून केली, त्यांतील घरे मुख्यतः मध्यमवर्गीय कुटुंबांनी घेतली.