एक संहिता, तीन वाचने : मॅक्रो-संचांच्या प्रलेखनाची पद्धती

हस्तलिखित पोथ्यांच्या परंपरेत ‘त्रिपाठ’ या नावाची एक मांडणी आढळते. पत्राच्या मध्यभागी मूळ ग्रंथ आणि त्याच्या वर व खाली टीका, असे तिचे स्वरूप असते. मूळ आणि टीका एकाच पत्रावर असल्याने नक्कल करणाऱ्याच्या हातून एक राहून दुसरे नाहीसे होण्याचा संभव कमी होतो, आणि वाचकालाही दोन पोथ्या शेजारी ठेवून वाचण्याचे कारण पडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीपुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. आज्ञावली एकीकडे आणि तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे ठेवले, तर काही काळाने आज्ञावली बदलते, स्पष्टीकरण मात्र जुनेच राहते. अक्षरजुळणीसाठी लिहिल्या जाणाऱ्या मॅक्रो-संचांच्या क्षेत्रात या प्रश्नाला जे उत्तर शोधले गेले, त्याचे विवेचन येथे केले आहे.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘टेक्’ या अक्षरजुळणी-पद्धतीची आखणी सुरू केली. तिच्यातील मूलभूत आज्ञा सुमारे तीनशे आहेत. शीर्षक, तळटीप, अनुक्रमणिका यांसारख्या नित्याच्या गोष्टींसाठी या मूलभूत आज्ञा एकत्र गुंफून नव्या आज्ञा तयार कराव्या लागतात. त्यांनाच मॅक्रो म्हणतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत रचलेले ‘लाटेक्’ हा अशा मॅक्रोंचाच एक विशाल संच होय. गणित, पदार्थविज्ञान, भाषाशास्त्र इत्यादी विषयांतील असंख्य प्रबंध व नियतकालिके आज या पद्धतीने जुळविली जातात आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या मागे अनेक लेखकांनी लिहिलेले लहानमोठे संच उभे असतात. मूळ लेखक पुढे दुसऱ्या कामाकडे वळतो; संच मात्र वापरात राहतो. त्यातील दोष मग ज्याने तो लिहिला नाही, अशा व्यक्तीला दुरुस्त करावा लागतो.

मॅक्रोंची आज्ञावली परक्या वाचकाला विशेष दुर्बोध का वाटते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. श्लोकाचा क्रमांक छापणारा एक मॅक्रो दोन ओळींत लिहिला आहे आणि पहिल्या ओळीच्या शेवटी महिरपी कंस येतो, असे समजू. टेक् या ठिकाणी ओळीचा शेवट म्हणजे एक मोकळी जागा असे मानते. त्यामुळे श्लोकाचा शेवटचा शब्द आणि क्रमांक यांच्यामध्ये अनाहूत अंतर पडते. ते टाळण्यासाठी ओळीच्या शेवटी टक्केचिन्ह द्यावे लागते. कारण टक्केचिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा सर्व मजकूर टेक् सोडून देते. हे चिन्ह कोणी निरर्थक समजून काढून टाकले, तर चूक तत्काळ दिसेलच असे नाही. परिच्छेद सुरू होण्यापूर्वी आलेली मोकळी जागा टेक् दुर्लक्षित करते. म्हणून परिच्छेदाच्या आरंभी मॅक्रो वापरला असता सर्व काही ठीक दिसते आणि दोष प्रकट होतो तो परिच्छेदाच्या मध्यभागी. अशा एका चिन्हाचे प्रयोजन आज्ञावलीकडे नुसते पाहून कळत नाही. ते कोणीतरी सांगितले पाहिजे आणि त्या चिन्हाजवळच सांगितले पाहिजे.

या दिशेने पहिले मोठे पाऊल स्वतः क्नूथ यांनीच टाकले. आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची आणि नंतर यंत्राने चालवावयाची वस्तू आहे, ही भूमिका त्यांनी १९८४ साली ‘द कॉम्प्यूटर जर्नल’ या नियतकालिकातील आपल्या लेखात मांडली व तिला ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ असे नाव दिले. तिच्यासाठी त्यांनी ‘वेब’ नावाची पद्धती तयार केली होती. तिच्यात विवेचन व आज्ञा एकाच फाइलमध्ये असतात. ‘टँगल’ हे साधन त्या फाइलमधून पास्कल भाषेतील आज्ञावली काढते, तर ‘वीव्ह’ हे दुसरे साधन तिच्यापासून छापण्यायोग्य ग्रंथ सिद्ध करते. टेक्‌ची संपूर्ण आज्ञावली ‘टेक् : द प्रोग्रॅम’ या नावाने १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती याच मार्गाने. तीत तेराशेंहून अधिक क्रमांकित विभाग आहेत.

मग हीच पद्धती मॅक्रोंसाठी का वापरू नये, अशी शंका येथे येण्यासारखी आहे. तिचे उत्तर दुहेरी आहे. पास्कल भाषेत घोषणांचा क्रम ठरलेला असतो; विवेचनाला सोयीचा क्रम त्याहून निराळा असल्याने तुकड्यांची पुनर्रचना करणारे ‘टँगल’सारखे साधन तेथे अपरिहार्य ठरते. मॅक्रोचे तसे नाही. मॅक्रोच्या व्याख्येतील आज्ञा ती व्याख्या लिहिताना नव्हे, तर मॅक्रो वापरला जाताना उलगडतात. म्हणून एका मॅक्रोत उल्लेखिलेला दुसरा मॅक्रो पुढे कोठेही सांगितला तरी बहुधा चालते आणि लेखकाला मुळातच विवेचनाचा क्रम धरता येतो. दुसरे कारण व्यावहारिक आहे. टेक् वेगवेगळ्या जातींच्या यंत्रांवर चालत असे. प्रत्येक यंत्रासाठी आणखी एक स्वतंत्र साधन पुरविणे सोपे नव्हते. जेथे टेक् आहे, तेथे टेक्‌नेच हे काम करावे, हा मार्ग अधिक सरळ होता.

फ्रँक मिटेलबाख यांनी ‘टगबोट’ या नियतकालिकात १९८९ साली प्रसिद्ध केलेली ‘डॉक’ ही योजना याच मार्गाची आहे. तिच्या जोडीचे ‘डॉकस्ट्रिप’ हे साधनही टेक्‌च्याच भाषेत लिहिलेले आहे. या योजनेचे मर्म एवढेच की एकच फाइल तीन प्रकारे वाचली जाते.

फाइलमधील विवेचनाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी टक्केचिन्ह असते. आज्ञावलीच्या ओळींना ते नसते. फाइलच्या प्रारंभी चार-सहा ओळींचा एक चालक-भाग असतो. लाटेक् ही फाइल प्रथम वाचू लागते, तेव्हा टक्केचिन्हाच्या ओळी तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात आणि चालक-भाग तेवढा अंमलात येतो. हे पहिले वाचन. चालक-भाग असा आदेश देतो की यापुढे टक्केचिन्हाचा विशेष अर्थ रद्द समजावा, ते चिन्ह केवळ दुर्लक्षित करावे आणि हीच फाइल पुन्हा प्रारंभापासून वाचावी. आता मघा अदृश्य असलेले विवेचन दृश्य होते व छापले जाते. हे दुसरे वाचन. या वेळी चालक-भाग पुन्हा अंमलात आला, तर फाइल स्वतःलाच अखंड वाचीत राहील. म्हणून त्याच्या मागेपुढे ‘येथून पुढचे वगळा’ आणि ‘वगळणे संपले’ अशा अर्थाच्या दोन आज्ञा टक्केचिन्हापुढे लिहिलेल्या असतात. पहिल्या वाचनात त्या झाकलेल्या असतात, दुसऱ्यात जाग्या होतात.

तिसरे वाचन ‘डॉकस्ट्रिप’चे. टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी गाळून ते उरलेली आज्ञावली निराळ्या फाइलमध्ये उतरविते. मागील उदाहरणातील टक्केचिन्ह ओळीच्या शेवटी असल्यामुळे ते सुरक्षित राहते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हक्क, आवृत्ती इत्यादी जी टीप अंतिम फाइलमध्येही राहावयास हवी, तिच्या आरंभी दोन टक्केचिन्हे देतात. त्याखेरीज कोणता भाग कोणत्या फाइलमध्ये जावा, हे सांगणाऱ्या खुणाही योजता येतात. लाटेक्‌मधील लेख, अहवाल आणि ग्रंथ या तिन्ही प्रकारांच्या मांडणीचे नियम अशा एकाच मूळ फाइलमधून निघतात. प्रकरणांसंबंधीचा भाग अहवाल व ग्रंथ यांच्या फाइलींत जातो, लेखाच्या फाइलमध्ये जात नाही. तिघांना समान असलेला दोष त्यामुळे एकाच ठिकाणी दुरुस्त होतो.

आज्ञावली छापणे हीही स्वतंत्र अडचण आहे. टेक्‌पुढे आज्ञा आली की ती अंमलात येते. ती जशीच्या तशी छापावयाची असेल, तर उलटी तिरपी रेघ, महिरपी कंस वगैरे चिन्हांचे विशेष अर्थ तात्पुरते काढून घ्यावे लागतात. परंतु सर्वच चिन्हे निष्प्रभ झाल्यावर ‘आज्ञावली संपली’ ही आज्ञा तरी ओळखावी कशी? डॉकने येथे एक संकेत ठरविला. टक्केचिन्ह, त्यानंतर बरोबर चार मोकळ्या जागा आणि मग समाप्तीची आज्ञा, ही अक्षरमालिका आली की आज्ञावली संपली. मोकळ्या जागा तीन वा पाच झाल्या, तर पुढील सर्व विवेचन आज्ञावली म्हणूनच छापले जाते. नवशिक्याला बुचकळ्यात टाकणारी ही चूक केवळ डोळ्यांनी सहसा सापडत नाही.

छापलेल्या आज्ञावलीच्या ओळींना क्रमांक मिळतात आणि तीत आलेल्या आज्ञांची सूची आपोआप तयार होते. सूचीतील तिरप्या ठशाचा अंक वर्णनाचे पृष्ठ दाखवितो, अधोरेखित अंक व्याख्येची ओळ दाखवितो आणि साधा अंक वापराची ओळ दाखवितो. एखादा मॅक्रो बदलण्यापूर्वी त्याचा परिणाम कोठे कोठे होईल, हे या सूचीवरून पाहता येते. केलेल्या बदलांची नोंदही तारीख व आवृत्ती यांसह त्या त्या मॅक्रोजवळ करतात व तिची यादी शेवटी छापली जाते. ज्याला केवळ संच वापरावयाचा आहे, त्याच्यासाठी आज्ञावली वगळून फक्त वापराची माहिती छापण्याचीही सोय आहे.

या योजनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्या काळी संगणक-जाळ्यांतून जाताना फाइलीतील चिन्हे बदलत किंवा मजकूर मध्येच तुटत असे. म्हणून डॉकमध्ये एक पडताळा-संख्या ठेवण्यात आली. ती म्हणजे आज्ञावलीतील उलट्या तिरप्या रेघांची मोजदाद. ही संख्या जुळली, तर फाइल बहुधा अखंड आली असे समजावे. पण विवेचन खरे आहे की नाही, हे मोजणारी संख्या कोणत्याही साधनाजवळ नाही. आज्ञा बदलून तिच्या वरचा परिच्छेद तसाच ठेवणाऱ्याला डॉक अडवीत नाही. असा परिच्छेद विवेचनाच्या अभावापेक्षाही घातक. कारण वाचक त्यावर विश्वास ठेवतो. शेजार जवळचा असल्यामुळे विसंगती नजरेस येण्याचा संभव वाढतो, इतकेच.

१९९४ साली लाटेक्‌ची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची मूळ आज्ञावली याच स्वरूपात वितरित झाली, आणि ही प्रथा आजही चालू आहे. युनिकोड वाचणाऱ्या ‘झीटेक्’ व ‘लुआटेक्’ या पद्धतींमुळे विवेचनाच्या ओळी देवनागरीतही लिहिता येतात. मराठीतील प्रबंध, चिकित्सक आवृत्त्या वा कोश यांसाठी एखाद्या विभागात मॅक्रो तयार होत असतील, तर त्यांचे विवेचन ज्या भाषेत ते निर्णय घेतले गेले, त्याच भाषेत करण्यास तांत्रिक अडचण उरलेली नाही. जोडाक्षरापुढे अंतर किती ठेवले, अवग्रहाजवळ ओळ का तोडू दिली नाही, हे ठरविणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. त्याची कारणे त्या ओळींच्या शेजारी लिहिलेली असली, तरच पुढच्याला ती सापडतात.