वेताळाचा पत्ता

भयपट आणि कॉमिकपट हे दोन प्रकार हिंदी सिनेमात गेल्या काही वर्षांत एकमेकांत मिसळले आहेत. ‘स्त्री’ (2018), ‘भेडिया’ (2022), ‘मुंज्या’ (2024), ‘स्त्री 2’ (2024) आणि ‘थामा’ (2025) हे पाचही चित्रपट मॅडॉक फिल्म्सचे. एकातले पात्र दुसऱ्यात येते आणि नामावली सुरू झाल्यावर पुढच्या चित्रपटाची चाहूल लागते. ही रचना मार्व्हलच्या कॉमिकपटांवरून घेतलेली आहे. जानेवारी 2025 मध्ये या संस्थेने 2028 पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादी जाहीर केली. त्यातल्या शेवटच्या दोन चित्रपटांची नावे ‘पहला महायुद्ध’ आणि ‘दूसरा महायुद्ध’ अशी आहेत. गावाच्या वेशीवरचे भूत आता रणांगणात उतरणार आहे. मल्याळममध्ये ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या ‘लोका’ने केरळच्या दंतकथेतल्या यक्षिणीला बंगळुरूत आणून महानायिका केले आणि जगभरातून तीनशे कोटींहून अधिक कमावले. ‘स्त्री 2’ची कमाई आठशे कोटींच्या पुढे गेली. पैशांच्या हिशेबात हा मेळ जमला आहे. भीतीच्या हिशेबात तो जमला का, हे तपासायला हवे.

दोन्ही प्रकारांच्या गरजा वेगळ्या आहेत. महानायकाला शक्ती लागते आणि प्रत्येक भागात ती वाढत जावी लागते. भुताला जागा लागते, त्या जागी अडकून राहण्याचे कारण लागते आणि एक नियम लागतो. पिंपळ सोडून मुंजा कुठेही हिंडू लागला, की तो मुंजा राहत नाही. प्रेक्षक जेव्हा म्हणतो, ‘मध्यंतरापर्यंत घाबरलो, नंतर नुसती मारामारी झाली’, तेव्हा तो नेमके हेच सांगत असतो. मध्यंतरानंतर भुताने आपली जागा सोडलेली असते.

मराठी मुलखात मात्र भूत आणि महानायक पूर्वी वेगळे नव्हते, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे वेताळ. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यांतला राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा. नंतरच्या परंपरेत तो उज्जैनचा विक्रम झाला. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार घेतला, ती गुणाढ्याने पैशाची भाषेत रचली आणि परंपरेनुसार गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी होता. म्हणजे भुतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेतला हा कथासंग्रह पैठणच्या आसपास जन्मला असे परंपरा मानते. या गोष्टींची भीती रक्तात नाही, नियमात आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. स्मशान, झाड, प्रेत आणि अट एवढ्या सामग्रीवर पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या. ‘चांदोबा’ मासिकाने त्या पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवल्या.

कोकणात आणि गोव्यात हाच वेताळ गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो आणि त्यात चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. अमानवी बळ असलेला आणि अंधारात निघून गावाचे रक्षण करणारा हा रक्षक महानायकाच्या व्याख्येत पूर्ण बसतो. फक्त त्याचे राज्य शिवेपाशी संपते. इतर भुतांचेही तसेच आहे. समंध पुरलेल्या धनापाशी बसतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा रानात वाट चुकवतो आणि देवचार शीव राखतो. प्रत्येकाला हद्द आहे. कॉमिकच्या पात्रसूचीइतकीच ही यादी पक्की आहे आणि तिच्यात पात्राच्या ताकदीआधी त्याचा पत्ता येतो.

वेताळ कॉमिकमध्येही आला. अमेरिकी लेखक ली फॉक यांनी 1936 मध्ये ‘फँटम’ निर्माण केला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सने 1964 पासून तो भारतात आणला आणि मराठी अंकांत त्याचे नाव ‘वेताळ’ ठेवले. हे नाव अचूक होते. फँटम हा पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा आहे. जंगलातल्या लोकांना मात्र तो कधीच न मरणारा एकच पुरुष वाटतो. कवटीच्या आकाराची गुहा हा त्याचा पत्ता. हेर आणि महानायक यांच्या गर्दीत मराठी मुलांना तो आपला वाटला, कारण तो राखणदाराच्या जातीचा होता. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडले. त्याआधीच, 1986 पासून, हिंदी पट्ट्यात राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ने जम बसवला होता.

सिनेमात भयपटाने पहिली मोठी झेप रामसे बंधूंच्या हातून घेतली. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (1972) त्यांनी महाबळेश्वरला चित्रित केला. त्यांच्या वाड्यांतली भुते ओबडधोबड होती, पण वाड्याबाहेर त्यांचे काम नसे. लहान गावांतल्या प्रेक्षकांनी हे चित्रपट जगवले. मराठीत महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (1993) बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू दिला. कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’ची असली, तरी रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा तात्या यांमुळे तो अस्सल मराठी खलनायक झाला. मराठी मातीतल्या भयाचा कळस मात्र राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (2018) गाठला. हस्तर हा देव कल्पित आहे. वाडा, विहिरीसारखे गर्भगृह, पिठाचे रिंगण आणि पिठाची बाहुली हे त्याचे नियम इतके काटेकोर आहेत, की प्रेक्षक मनातल्या मनात मोजदाद करत बसतो. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसा मिळवला. भारतीय प्रेक्षकाला काय हवे आहे, याचा यापेक्षा स्पष्ट कौल मिळणार नाही.

भयपट आणि कॉमिकपट या दोन्ही प्रवाहांशी मध्य प्रदेशातल्या जबलपूरचेही नाते आहे. व्यंगचित्रकार प्राण यांच्या ‘चाचा चौधरी’ला दूरचित्रवाणीवर साकारणारे रघुवीर यादव इथल्या रांझीचे. ‘रा.वन’ (2011) या महानायकपटातला खलनायक अर्जुन रामपाल याचा जन्म जबलपूरचा.  भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर सिनेमावाले ‘जिस देश में गंगा बहती है’पासून ‘मोहेंजो दारो’पर्यंत येत राहिले. त्याच कड्यांजवळच्या टेकडीवर कलचुरी काळातले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. तिथल्या काही मूर्ती सौम्य आहेत, तर काही पाहताक्षणी धडकी भरवतात. भय आणि शक्ती एकाच मूर्तीत कशी नांदतात, हे तिथे दगडात दिसते.

आता ताज्या चित्रपटांचा निकाल. ‘स्त्री’ मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडतो. भिंतीवर लिहिलेले वाक्य वाचून परत जाणारी ही चेटकीण कर्नाटकातल्या ‘नाळे बा’ या दंतकथेतून आली आहे. गाव, भिंत आणि अट या तीन गोष्टींमुळे तो चित्रपट टिकतो. ‘स्त्री 2’ पूर्वार्धात चंदेरीचा राहतो, पण शेवटी शिर नसलेल्या सरकट्याच्या गुहेत ‘भेडिया’तला लांडगामानव उतरतो आणि कथा गावाच्या हातून निसटते. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ या मालिकेतला सर्वांत सरस चित्रपट आहे, कारण त्यात मुंज आहे, पिंपळ आहे, कोकण आहे आणि अपुरी राहिलेली इच्छा आहे. त्याच दिग्दर्शकाच्या ‘थामा’मध्ये बेताळ आहेत, पण मालिकेतल्या इतर पात्रांची सोय लावताना पैठण-उज्जैनच्या वेताळाचा कोडे घालणारा स्वभाव हरवला आहे. उरली ती रक्ताची तहान आणि ‘भेडिया’शी झटापट. ‘लोका’ने नायिकेची दंतकथा सविस्तर सांगितली, म्हणून बदललेल्या शहरातही तिची मुळे दिसतात.

जागा गेली की भुताचे काय होते, हे समजून घ्यायला जबलपूर जिल्ह्यातले बरगी पाहावे. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयाने 162 गावांना झळ पोहोचवली. त्यांतली कित्येक गावे पूर्णपणे पाण्याखाली गेली. महाकोशलात गावोगावी खेरमाई असते. ती गावाची आई आणि गावाची राखणदारीण. गाव बुडते तेव्हा तिचा ओटा, शिवेवरचे झाड आणि त्या झाडाला चिकटलेल्या गोष्टी बुडतात. माणसांना दुसरीकडे वसवता येते, पण शीव उचलून नेता येत नाही. पाण्याखालच्या गावाची राखणदारीण आता कुणाची राखण करते, या एका प्रश्नात आख्खा भयपट दडलेला आहे, आणि त्यासाठी महायुद्धाची गरज नाही.

भयपट करणाऱ्यांनी महानायकाचा खर्च आणि तंत्र जरूर घ्यावे, त्याचा भटकेपणा घेऊ नये. पुढच्या यादीतल्या प्रत्येक भुताला आधी एक गाव, एक झाड आणि एक अट द्यावी. ही तिन्ही ज्या चित्रपटात असतील, त्याचेच तिकीट प्रेक्षकाने काढावे.