चिलखती आगगाडीची प्रतिकृति

१९४२ सालीं जर्मन सैन्यानें चिलखती आगगाडीचा जो नमुना ठरविला, तो बी. पी. ४२ या नांवानें ओळखला जातो. तिचें इंजिन मध्यभागीं असे आणि दोन्ही टोकांच्या खुल्या वाघिणींवर एकेक रणगाडा. हीच गाडी प्लॅस्टिकमध्यें ३५ पट लहान करून जोडली, म्हणजे १४३५ मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग ४१ मिलिमीटरांवर येतो.

जोडकाम चिकाटीचें खरें, पण अवघड नव्हे. चाकें सपाट कांचेवर ठेवून सर्व एकदम टेकतात कीं नाहीं, एवढें पाहावें. एक जरी अधांतरीं राहिलें तरी गाडीला वजन भासत नाहीं.

रंगाआधीं साल ठरवावें. १९४३ च्या आरंभीं जर्मन वाहनांचा करडा रंग जाऊन गडद पिवळा आला.

खरी कसोटी पुढेंच. नवशिका हौशी गाडीभर गंज फांसतो! युद्ध १९४५ त संपलें. तेवढ्या अवधींत रंगविलेलें जाड पोलाद कुजत नाहीं. प्रत्येक डागाला कारण हवें. ब्रेकच्या घर्षणानें उडालेली लोखंडाची पूड चाकांजवळ बसून तपकिरी होते, म्हणून तपकिरी छटा खालींच. काजळी धुराड्याभोंवतीं व त्यामागील छपरावर. वाफ गळते त्या सांध्यांखालीं पांढुरके ओघळ. रंग उडतो तो सैनिकांचे बूट आणि हात लागतात त्या पायऱ्यांवर व दारांच्या कडांना. तेथें बारीक कुंचल्याचे गडद ठिपके पुरेत. रुळांच्या बाजू तांबूस कराव्या, माथा मात्र पुसून चकचकीत ठेवावा. नाहींतर त्या मार्गावरून कित्येक महिन्यांत एकहि गाडी गेली नसावी असें दिसतें.