गंजलेला मडगार्ड उतरवताना

मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा पत्रा बहुधा खालून, मडगार्डच्या काठानेच कुजायला लागतो. तिथे खारट पाणी आणि चिखल साचतो. मीठ विरघळलेल्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, म्हणून गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बोल्ट आट्यांतच जाम! नुसता जोर लावला तर मुंडकं तुटून हातात. त्यापेक्षा नट तापवावा: तो प्रसरण पावतो, पकड सुटते. (आधी पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा.) मडगार्ड, बॉनेट बोल्टवर असतात, छपराला बहुतेकदा स्पॉट वेल्डिंग, ते कापावंच लागतं. नवा पत्रा चढवताना बोल्ट सैल ठेवून दरवाजाची फट जुळवावी, मगच आवळावेत. आणि रंग आतल्या बाजूलाही मारावा.