उपजालांमधील मार्गनिर्देशन : घरगुती आभासी प्रयोगशाळेचा उपयोग

जयपूरचा सांगानेर हा भाग ठशांच्या छपाईसाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थाही येथेच आहे. अशा लघुउद्योगांतही हिशेब, मागण्या व ग्राहकांची माहिती आता संगणकावर ठेवली जाऊ लागली आहे. येथील एखाद्या छपाई केंद्राची कल्पना करावी. हिशेबाचा संगणक आणि ग्राहकांसाठीची वायफाय सुविधा एकाच जाळ्यावर असल्यास एखाद्या बाधित मोबाइलवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचता येऊ शकते. जाळ्याची विभागणी हा यावरील मूलभूत उपाय होय. मात्र विभागलेल्या भागांत आवश्यक तेवढा संपर्कही राहावा लागतो. ही जबाबदारी राउटरची असते.

उपजाल म्हणजे काय?

आयपीव्ही४ पद्धतीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. त्याचा पहिला भाग जाळे व उरलेला भाग त्यातील संगणक दर्शवतो. १९२.१६८.१०.०/२४ या उपजालात पहिले २४ बिट जाळ्याचे आहेत. उरलेल्या ८ बिटांतून २५६ पत्ते मिळतात. त्यांपैकी पहिला व शेवटचा राखीव असल्याने २५४ पत्ते वापरता येतात. खासगी जाळ्यांसाठीचे असे पत्ते १९९६ मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजात निश्चित करण्यात आले. पॅकेट स्वतःच्याच उपजालातील संगणकासाठी असेल तर ते थेट पाठवले जाते. अन्यथा ते गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे सोपवले जाते.

एका संगणकात तीन संगणक

हे समजून घेण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम यांसारख्या आज्ञावलींच्या साहाय्याने एकाच संगणकावर तीन आभासी संगणक चालवता येतात. पहिला १९२.१६८.१०.० या कार्यालयीन उपजालात आणि दुसरा १९२.१६८.२०.० या ग्राहकांच्या उपजालात ठेवावा. तिसरा राउटर असून त्याला दोन्हीकडे एकेक पत्ता द्यावा. दोन्ही उपजालांसाठी स्वतंत्र आभासी स्विच आवश्यक आहेत. एकाच स्विचवर केवळ निराळे पत्ते दिल्याने खरी विभागणी होत नाही.

लिनक्समध्ये एका जाळ्यातील पॅकेट दुसऱ्या जाळ्यात पुढे पाठवण्याची सुविधा सामान्यतः बंद असते. ती सुरू करावी लागते. स्वतःला थेट जोडलेली उपजाले राउटरच्या मार्गसारणीत आपोआप नोंदली जातात.

परतीचा मार्ग

या राउटरची तिसरी जोडणी घरातील इंटरनेट राउटरशी केल्यावर एक अडचण हमखास येते. पॅकेट बाहेर पडते, पण उत्तर येत नाही. कारण १९२.१६८.२०.० हे उपजाल कोठे आहे, हे घरातील राउटरला ठाऊक नसते. त्यासाठी तेथे स्थिर मार्गाची नोंद करावी किंवा आभासी राउटरवर पत्ता-रूपांतर सुरू करावे. संपर्क पूर्ण होण्यासाठी जाण्याचा व येण्याचा असे दोन्ही मार्ग लागतात, हे यातून स्पष्ट होते.

मार्ग खुला झाला की सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. ग्राहकांच्या उपजालातून कार्यालयाकडे सुरू होणारे संपर्क नाकारणारा नियम राउटरवरील फायरवॉलमध्ये घालावा लागतो. केवळ मार्गनिर्देशनाने संरक्षण मिळत नाही.

राष्ट्रीय संदर्भ

हेच तत्त्व देशपातळीवरही लागू होते. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सुरू केलेल्या अर्नेट प्रकल्पाने मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रासह प्रमुख शैक्षणिक व संशोधन संस्था जोडल्या. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेचा उद्देश देशांतर्गत वाहतूक परदेशातून फिरून न येता देशातच अदलाबदल व्हावी, हा होता. कोणते पॅकेट कोणत्या मार्गाने जावे, या निर्णयावर वेग, खर्च व सुरक्षा अवलंबून असतात. सांगानेरच्या एखाद्या छोट्या केंद्रालाही हे लागू पडते. घरच्या एका संगणकावर हा निर्णय घेण्याचा सराव करणारा विद्यार्थी उद्या अशा उद्योगाची माहिती सुरक्षित ठेवण्यास हातभार लावू शकेल.