टक्क्यातील अध्याहृत पदे : द्रावणाच्या संहतीची गणना

द्रावणाच्या ठराविक मापात असलेले द्राव्याचे प्रमाण म्हणजे त्या द्रावणाची संहती होय. व्याख्या सोपी आहे. परंतु तिच्यातील ‘माप’ आणि ‘प्रमाण’ हे शब्द कोणत्या एककांत घ्यावयाचे, हे सांगितल्यावाचून गणनेस आरंभच करता येत नाही. ‘तीन टक्के द्रावण’ ही शब्दयोजना व्याकरणदृष्ट्या पूर्ण भासली, तरी अर्थदृष्ट्या ती अपुरी आहे. कशाच्या शंभर भागांत कशाचे तीन भाग, आणि हे भाग वजनाचे की घनफळाचे, हे सांगणारी पदे तीत अध्याहृत असतात. ती उघड करणे ही गणनेची पहिली पायरी होय. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या शेजारच्या तालुक्यांत याची दोन उदाहरणे मिळतात. एक भातशेतीचे आहे, दुसरे कारखान्याचे.

कर्जत हे भातसंशोधनाचे केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या वाणांना गावाचेच नाव मिळाले आहे. पेरणीपूर्वी भाताच्या बियाण्यास तीन टक्के मिठाच्या द्रावणाची प्रक्रिया करावी, अशी शिफारस महाराष्ट्रात केली जाते. तिची कृती ‘१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ’ अशी असते. द्रावणावर तरंगणारे पळींज, म्हणजे पोचट दाणे, काढून टाकावयाचे आणि तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावयाचे.

आता या ‘तीन टक्क्यां’चे तीन अर्थ संभवतात. पहिला अर्थ कृतीत आहे तोच : मीठ आणि द्रावक पाणी यांचे गुणोत्तर ३ : १००. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम धरल्यास येथे द्रावणाचे वजन १०.३ किलोग्रॅम होते आणि वजनी संहती ३०० ÷ १०,३०० म्हणजे २.९१ टक्के भरते. दुसऱ्या अर्थी शंभर भाग हे द्रावणाच्या वजनाचे असतात. त्यासाठी ९७ भाग पाण्यास ३ भाग मीठ लागते. म्हणून १० लिटर पाण्यास सुमारे ३०९ ग्रॅम मीठ घ्यावे लागेल. तिसऱ्या अर्थी १०० मिलिलिटर द्रावणात ३ ग्रॅम मीठ असते. म्हणजे ३०० ग्रॅम मीठ विरघळवून एकूण द्रावण १० लिटर करावे लागते. ‘१० लिटर पाण्यात’ आणि ‘१० लिटर द्रावणात’ यांतील एका नामाचा हा फरक आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद नगण्य आहे. मापाची चूक मात्र नगण्य नसते. तेवढेच मीठ १५ लिटर पाण्यात टाकले, तर संहती सुमारे दोन टक्क्यांवर येते. तीन टक्के द्रावणाची घनता पाण्याहून जेमतेम दोन टक्क्यांनी अधिक असते. ती आणखी घटली म्हणजे काही अर्धवट भरलेले दाणेही तळाशी बसतात आणि रोपवाटिकेत जातात.

विरल द्रावणात नगण्य असलेला हा भेद संहत द्रावणात मोठा होतो. खालापूर तालुक्यातील रसायनी या वसाहतीच्या नावातच रसायन आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या तेथील कारखान्यात नायट्रिक अम्ल तयार होत असे. बाजारातील संहत नायट्रिक अम्ल साधारणतः ६८ टक्के असते. हे टक्के वजनी असतात आणि अम्लाची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.४१ ग्रॅम असते. म्हणून एक लिटर अम्लाचे वजन १,४१० ग्रॅम, आणि त्यातील शुद्ध अम्ल सुमारे ९६० ग्रॅम. रेणुभार ६३ असल्यामुळे संहती दर लिटरला १५.२ मोल येते. घनता विसरून ‘१०० मिलिलिटरमध्ये ६८ ग्रॅम’ असा अर्थ केला, तर हीच संहती १०.८ मोल ठरते.

या चुकीचा परिणाम विरलीकरणात दिसतो. पाणी मिसळल्याने द्राव्याचे एकूण प्रमाण बदलत नाही. म्हणून मूळ संहती व मूळ घनफळ यांचा गुणाकार नव्या संहती व नव्या घनफळाच्या गुणाकाराइतकाच राहतो. एक मोल संहतीचे एक लिटर द्रावण करण्यास १,००० ÷ १५.२ म्हणजे सुमारे ६६ मिलिलिटर अम्ल पुरते. चुकीच्या अर्थाने ९३ मिलिलिटर घेतले जाईल आणि द्रावण १.४ मोलचे होईल. येथे अंकगणित अचूक असते. चूक वाक्यार्थाची असते.

असाच घोटाळा ‘तीव्र’ या विशेषणाने होतो. व्यवहारात ते संहत या अर्थी वापरले जाते; रसायनशास्त्रात तीव्र अम्ल म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनीभूत होणारे अम्ल. नायट्रिक अम्ल कितीही विरल केले तरी ते तीव्र अम्लच राहते. विभक्तिप्रत्ययाचे महत्त्वही कमी नाही. ‘पाण्यात अम्ल घालावे’ ही सुरक्षित कृती आहे. ‘अम्लात पाणी घालावे’ ही धोक्याची आहे. कारण थोडे पाणी एकदम तापून अम्ल उसळते. मराठीत पदक्रम बदलला तरी चालतो, परंतु ‘-त’ हा प्रत्यय चुकीच्या नामास लागून चालत नाही.

यावरून संहती लिहिताना द्राव्याचे नाव व एकक, तसेच शंभर भाग द्रावकाचे की द्रावणाचे आणि ते वजनी की घनफळी, एवढे सांगणे आवश्यक ठरते. वजनी टक्क्यांवरून दर लिटरचे प्रमाण काढावयाचे असल्यास घनता व तापमानही द्यावे लागते. इतके दिल्यावर उरतो तो केवळ गुणाकार-भागाकार.